गटाची दुर्बीण : आकडे वाचा, मग पैसे मोजा

(आपल्या रेडिओवरच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमातलं हे बोलणं. ऐकणाऱ्या गटांनी लिखित मागितलं म्हणून इथे देत आहोत.)



आकाश आपल्याला नवीन नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावं आपण पेरणीच्या हिशोबात रोज घेतो. संकष्टीला उपास सोडायचा म्हणून चंद्राची वाट बघत अंगणात उभ्या राहतो. लग्नात नवरीला अरुंधती दाखवतात. आता काही गटांनी विचारलंय की, बचतीतून थोडे पैसे बाजूला काढून गावासाठी एक दुर्बीण घ्यायची आहे, शाळेतल्या मुली बघतील, आम्हीही बघू, तर कोणती घ्यावी? प्रश्न चांगला आहे आणि पैसा बारा-पंधरा जणींच्या घामाचा आहे. म्हणून आज सावकाश बोलू.

एका डोळ्याची की दोन डोळ्यांची?

दुर्बीण म्हटलं की तीन पायांवरची लांब नळी आठवते, तिला टेलिस्कोप म्हणतात. चांगला टेलिस्कोप उत्तमच, त्यातून शनीची कडी दिसते. पण स्वस्तातल्या टेलिस्कोपचे पाय लटपटतात, वाऱ्याच्या झुळकीने चित्र हलतं, तारा सापडायलाच अर्धा तास जातो. त्यात चित्र उलटंही दिसतं. दहा जणी रांगेत उभ्या आणि पहिलीलाच काही सापडत नाही, मग दुसऱ्या दिवशी ती नळी कपाटावर जाते.

दोन डोळ्यांची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर, उचलली आणि डोळ्यांना लावली की झालं. चित्र सरळ दिसतं, आकाशाचा मोठा तुकडा दिसतो, दोन्ही डोळे उघडे असल्याने थकवाही कमी येतो. शिवाय दिवसा पक्षी बघता येतात, डोंगराच्या उतारावर गेलेली गुरं शोधता येतात. पहिली दुर्बीण म्हणून हीच घ्या. शनीची कडी मात्र हिच्यातून दिसणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

डब्यावरचे दोन आकडे

प्रत्येक दुर्बिणीवर ८ × ४२, १० × ५० असे दोन आकडे लिहिलेले असतात. आपण 'दहा बाय पन्नास' असं वाचतो. या दोन आकड्यांतच निम्मी गोष्ट असते.

पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसतं. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. दहा पट दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो ३८ हजार किलोमीटरवर आल्यासारखा दिसतो.

दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५० म्हणजे पाच सेंटीमीटर. आकाशासाठी हाच आकडा जास्त महत्त्वाचा. पाऊस पडत असताना अंगणात तांब्या ठेवला आणि शेजारी परात ठेवली, तर पाणी कुठे जास्त जमेल? परातीत. पाऊस दोन्हीवर सारखाच, पण परातीचं तोंड मोठं. ताऱ्यांचा उजेडही असाच बारीक पावसासारखा येतो. भिंगाचं तोंड दुप्पट रुंद केलं की उजेड चौपट गोळा होतो. म्हणून २५ मिलिमीटरच्या खिशातल्या दुर्बिणीपेक्षा ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून कितीतरी जास्त तारे दिसतात.

आता तुम्ही म्हणाल, मग पहिला आकडाही मोठाच घेऊ, वीस पट, तीस पट! इथेच फसायला होतं. दुर्बीण चंद्र मोठा करते तसा आपल्या हाताचा थरकापही मोठा करते. हात जेवढा हलतो त्याच्या दहापट चित्र हलतं. साधारण दहा पटीपर्यंत हातात धरून बघता येतं. त्यापुढे तारा काजव्यासारखा नाचायला लागतो आणि दुर्बिणीला तिपाई लागते. पंधरा बाय सत्तरची मोठी दुर्बीण आकाशाला छान, पण वजनाने जड, तिपाईशिवाय उपयोग नाही.

आपल्या डोळ्याची बाहुली किती उघडते?

पुढचा आकडा मागच्याने भागा, म्हणजे पन्नास भागिले दहा. उत्तर आलं ५. मागच्या भिंगातून बाहेर येणारा उजेडाचा गोल ५ मिलिमीटरचा आहे, असा याचा अर्थ. ८ × ४२ ला हा गोल सव्वापाच मिलिमीटरचा, आणि ७ × ५० ला सातचा.

अंधारात आपली बाहुली मोठी होते. तरुण मुलीची सात मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढतं तशी ती कमी उघडते, पन्नाशीच्या आसपास बहुतेकींची पाचच्या जवळपास येते. दुर्बीण सातचा गोल देते आणि डोळा पाचचाच आत घेतो, तर बाकीचा उजेड भांड्याबाहेर सांडला. त्यामुळे आपल्यासारख्या सगळ्या वयाच्या गटाला १० × ५० किंवा ८ × ४२ यांतलीच एक सोयीची.

या दोघींत निवड कशी करायची? १० × ५० जास्त उजेड गोळा करते, आकाशासाठी सरस. पण वजन साधारण आठशे ग्रॅम ते किलोभर, म्हणजे दुधाची लिटरची पिशवी मान वर करून धरायची. ८ × ४२ बहुधा हलकी असते, चित्र कमी हलतं, दिवसाच्या कामालाही बरी. ज्यांना खांद्याचा, मानेचा त्रास आहे त्यांनी ती घ्यावी. दुकानात दोन्ही डोळ्यांना लावून सावकाश शंभर मोजा. हात कुठे भरून येतो ते लगेच कळेल. गटातली सगळ्यात वयस्कर बाई आणि एखादी शाळकरी मुलगी बरोबर न्या. दुर्बीण मधल्या बिजागरीवर मिटवून डोळ्यांच्या अंतराइतकी जवळ आणावी लागते. लहान मुलीला दोन वेगळे गोल न दिसता एकच गोल दिसला पाहिजे. तिला तसा दिसत नसेल, तर ती दुर्बीण शाळेच्या उपयोगाची नाही.

दुकानात करायच्या पाच परीक्षा

मी कंपन्यांची नावं सांगत नाही. मॉडेलं बदलतात, परीक्षा बदलत नाहीत. पर्समध्ये शाळेची पट्टी ठेवा आणि दिवसाउजेडी जा.

पहिली, पट्टीची. पुढचं भिंग मोजा. डब्यावर ५० लिहिलंय तर भिंग ५० मिलिमीटरच भरलं पाहिजे. जत्रेत, रस्त्यावर '३० × ६०' छापलेल्या मुठीएवढ्या दुर्बिणी मिळतात, त्यांचं भिंग बोटाच्या दोन पेरांएवढंही नसतं. जो दुसरा आकडा खोटा लिहितो, त्याचा पहिला तरी खरा कशावरून?

दुसरी, रंगाची. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब भिंगात बघा. चांगल्या भिंगावर पातळ लेप असतो, त्यामुळे प्रतिबिंब मंद, हिरवट किंवा जांभळट दिसतं. पांढरंशुभ्र, लख्ख प्रतिबिंब दिसलं तर लेप नाही, म्हणजे उजेड आत जाण्याऐवजी परत फिरतोय. आरशासारखी लालभडक काच 'रात्री दिसणारी' म्हणून विकतात. ती आकाशाला नको. डब्यावर 'फुली मल्टी-कोटेड' लिहिलं असेल तर सगळ्या भिंगांना अनेक थरांचा लेप आहे असं समजा.

तिसरी, गोलाची. दुर्बीण हात लांब करून धरा आणि उजळ आभाळाकडे करा, सूर्याच्या बाजूला अजिबात नाही. मागच्या भिंगात उजेडाचा छोटा ठिपका दिसतो. तो स्वच्छ गोल असेल तर आतले काचेचे लोलक चांगले. त्याच्या कडा करड्या होऊन तो चौकोनी दिसत असेल तर लोलक हलक्या काचेचे. डब्यावर 'बीएके-४' असेल तर ती चांगली काच, 'बीके-७' असेल तर त्याहून कमी प्रतीची.

चौथी, जोडीची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. दुर्बिणीच्या दोन नळ्या एकाच दिशेला बघतात का? दूरचा मंदिराचा कळस किंवा विजेचा मनोरा बघा. एकाचे दोन दिसले, किंवा डोळ्यांवर ताण येऊन कपाळ दुखायला लागलं, तर नळ्या एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. दुकानदार म्हणेल, 'सवय होईल.' होत नाही. ठेवून द्या.

पाचवी, चष्म्याची. चष्मा घालून बघितलं तर पूर्ण गोल दिसतो का? की नळीच्या तोंडातून बघितल्यासारखा फक्त मधला भाग? डब्यावर 'आय रिलीफ' १५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर चष्म्यावरून बघता येतं. मागची रबरी कडा खाली दुमडता किंवा फिरवता आली पाहिजे. ज्यांना फक्त वाचायचा चष्मा आहे त्यांनी तो काढूनच बघावं. साध्या लांबच्या नंबरवालीही चष्मा काढून चक्र फिरवून चित्र स्पष्ट करू शकते. तिरका नंबर, म्हणजे सिलिंडर, जास्त असेल तर मात्र चष्मा ठेवा.

आणखी दोन गोष्टी. 'झूम' दुर्बीण घेऊ नका. पट कमीजास्त करण्याच्या नादात चित्र अंधारतं, आकाशाचा तुकडा लहान होतो, आतले भाग लवकर ढिले होतात. आणि पुढे मध्यभागी तिपाईचा स्क्रू बसवायची जागा आहे का बघा, पुढेमागे उपयोगी पडेल.

डब्यावर '११४ मीटर / १००० मीटर' किंवा '६.५ अंश' असंही लिहिलेलं असतं. ती एका वेळी दिसणाऱ्या आकाशाची रुंदी. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश रुंद असतो. साडेसहा अंशांत तसे तेरा चंद्र एका ओळीत बसतील. हा आकडा जेवढा मोठा, तेवढा तारा सापडायला सोपा.

किंमत म्हणाल, तर बाजारात काहीशे रुपयांच्या खेळण्यापासून लाखाच्या वरपर्यंत दुर्बिणी आहेत. आपल्या कामाची चीज काही हजारांत येते. गटाच्या नावाने पक्कं बिल घ्या, हमीपत्र घ्या. ऑनलाइन मागवलीत तर परत करायची मुदत आधी वाचा आणि पहिल्याच निरभ्र रात्री एखाद्या ठळक ताऱ्यावर धरून तपासा. मधोमध ठेवलेला तारा टाचणीच्या टोकाएवढा बारीक दिसला पाहिजे. दोन दिसले तर दुसऱ्या दिवशीच परत पाठवा.

जमलं तर विकत घेण्याआधी कुणाच्या तरी दुर्बिणीतून बघून घ्या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था म्हणून काम करते, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतं. जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयातही एखादे हौशी सर किंवा मॅडम भेटतात.

डोळ्यांची गोष्ट, नीट ऐका

दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, क्षणभरसुद्धा नाही. भिंगाने कागद जाळायचा खेळ आपण लहानपणी पाहिला आहे. दुर्बीण तेच डोळ्याच्या आत करते. पडद्याला दुखत नाही, त्यामुळे भाजलेलं कळतही नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. ग्रहणाचा काळा चष्मा घालून दुर्बिणीतून बघणंही तितकंच घातक, कारण एकवटलेला उजेड तो चष्माही जाळतो. दिवसा दुर्बीण मुलांच्या हाती एकटी द्यायची नाही. संध्याकाळी सूर्य पूर्ण बुडाल्यावरच डबा उघडायचा, आणि पहाटे बघत असाल तर उजाडायला लागताच बंद करायचा. हा नियम वहीत पहिल्या पानावर लिहा.

आता बघायचं कसं. आधी उजवी बाजू हाताने झाका, डाव्या डोळ्याने मधलं चक्र फिरवून तारा बारीक करा. मग डावी बाजू झाका आणि उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. पुढे फक्त मधलं चक्र वापरायचं. बाकीच्या सगळ्यांना स्वच्छ दिसतंय आणि एखादीला कितीही फिरवलं तरी एका डोळ्याने धूसरच दिसतंय, ताऱ्याभोवती धुकं दिसतंय, तर दोष दुर्बिणीचा नाही. तिने डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. आपण बाया घरच्या सगळ्यांचे डोळे तपासतो आणि स्वतःचे राहून जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

हात स्थिर, अंधार पुरेसा

तिपाई नसेल तर बाज आहे. बाजेवर उताणं पडून कोपरं छातीला टेकवून बघा, मानेलाही आराम. किंवा भिंतीला पाठ टेकून बसा. उभ्याने बघायचं तर हनुवटीएवढी काठी जमिनीवर रोवून तिच्या टोकावर दुर्बीण टेकवा, निम्मा थरकाप जातो.

बाहेर आल्यावर वीस मिनिटं मोबाइल बघू नका. डोळा अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो आणि एका झगमगाटात सगळं वाया जातं. बॅटरीवर लाल कागद बांधा. शेतात जाण्यापेक्षा गच्ची किंवा सारवलेलं खळं बरं. पायात चप्पल-बूट हवेत, विंचूकाट्याची भीती असते, आणि एकटीने जायचं नाही.

काय दिसेल?

सुरुवात चंद्रापासून करा, पण पौर्णिमेला नको. भरल्या चंद्रावर ऊन सरळ पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड आणि अंधाराच्या सीमेवर बघा, तिथे सावल्या लांब असतात आणि खड्ड्यांच्या कडा उठून दिसतात. संकष्टीच्या चंद्राची एक कड नुकती अंधारायला लागलेली असते, त्या कडेवरही खड्डे दिसतात. उपास सोडायच्या आधी दोन मिनिटं बघून घ्या.

सप्तर्षीच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अरुंधती. नुसत्या डोळ्यांनी जिला दिसत नाही, तिलाही दुर्बिणीतून दोघं वेगवेगळे स्वच्छ दिसतील.

थंडीत कृत्तिका बघा. डोळ्यांनी सहा-सात ठिपके मोजता येतात, दुर्बीण लावली की कितीतरी निळसर तारे उगवतात. मुली इथे ओरडतातच. मग मृग. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे ओळखा, त्यांच्या दक्षिणेला बारीक ताऱ्यांची ओळ आहे, तिच्या मध्यात धुरकट ठिपका दिसेल. तो वायू आणि धुळीचा प्रचंड ढग आहे आणि त्यात नवे तारे जन्माला येताहेत. एखादी मुलगी विचारेल, मृग तर जूनमध्ये लागतो, मग थंडीत कसा दिसतो? तिला सांगा, 'मृग लागला' म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, ७-८ जूनच्या सुमारास. तेव्हा मृग सूर्याबरोबर दिवसा वर असतो, म्हणून दिसत नाही. सहा महिन्यांनी तो रात्रभर दिसतो.

फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी पुष्य शोधा. डोळ्यांना नुसता पुसट डाग, दुर्बिणीत विखुरलेल्या ज्वारीच्या दाण्यांसारखे तारे. दिवाळीच्या सुमारास देवयानीतला लांबट धूसर ठिपका दिसतो. ती आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी दीर्घिका आहे, तिथून निघालेला उजेड २५ लाख वर्षांनी आपल्यापर्यंत पोहोचतो.

गुरू वर असेल तर दुर्बीण काठीवर टेकवून, श्वास रोखून बघा. त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील, कधी दोन, कधी चार. ते त्याचे चंद्र. गॅलिलिओने १६१० साली हेच पाहिलं आणि सगळं काही पृथ्वीभोवती फिरतं या समजुतीला धक्का बसला. मुलींना सलग चार रात्री वहीत ठिपके काढायला सांगा. चंद्र जागा बदलतात हे त्यांचं त्यांना सापडेल.

सांभाळायची कशी?

भिंग पदराने पुसायचं नाही. पदरातली धूळ लेपावर चरे पाडते. आधी हवेच्या पिचकारीने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा, मग चष्म्याच्या स्वच्छ कापडाने हलकेच पुसा. पावसाळ्यात, कोकणात तर जास्तच, आत बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या अधूनमधून बदला. बघताना पट्टा आधी गळ्यात घालायचा, मगच दुर्बीण उचलायची. हातातून हातात देताना पट्टाही बरोबर जाईल.

कर्जाची जशी नोंद ठेवतो तशी दुर्बिणीची वही ठेवा. कुणी नेली, कधी आणली, काय पाहिलं. ती महिन्यातून दोन रात्री शाळेच्या मुलींसाठी बाहेर निघालीच पाहिजे असा ठराव करा. एकीच्या कपाटात राहिली तर सगळ्यांचे पैसे गेले.

शेवटी एक सांगते. नागपूरच्या बाजूच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे अंधार जपलेलं आकाश. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून उजेड खाली जमिनीवर पडेल अशी सोय केली गेली. शहरातल्या माणसांना आकाशगंगा बघायला आता लांब जावं लागतं. आपल्या गावात ती अजून अंगणातून दिसते. दुर्बीण आणाल तेव्हा ग्रामसभेत हाही विषय काढा, की रस्त्याच्या दिव्यांना वरून टोपी बसवा. रस्त्यावर उजेड जास्त पडेल आणि आकाशही राहील.

दुकानात जाताना तीन गोष्टी विसरू नका. ८ × ४२ किंवा १० × ५०, हातात पट्टी, आणि एकाचे दोन दिसले तर नकार. घेतलीत की पहिल्या रात्री काय दिसलं ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.